‘किंमत शून्य’ म्हणजे नक्की किती? एका दाव्याची चिकित्सा

मागच्या दोन लेखांत आपण संशोधन प्रश्न कसा मांडायचा आणि आधी झालेलं काम कसं वाचायचं हे पाहिलं. आज पुढची पायरी, चिकित्सा. पेटच्या मुलाखतीत हमखास विचारतात, "या पेपरमध्ये तुम्हाला काय खटकलं?" आणि बरेच जण इथेच अडकतात. एक तर "पेपर चांगला आहे" म्हणून गप्प बसतात, नाहीतर "सॅम्पल साइज कमी आहे" हे ठरलेलं उत्तर देऊन मोकळे होतात. दोन्ही उत्तरांमधून तुम्ही तो पेपर वाचलाय की नाही हेच कळत नाही.

चिकित्सा म्हणजे नावं ठेवणं नाही. समोरचा नेमका काय दावा करतोय, तो कोणत्या अटींवर खरा आहे, आणि त्या अटी बदलल्या की त्याचं काय होतं, एवढं शांतपणे तपासणं म्हणजे चिकित्सा. यासाठी पहिल्याच दिवशी ‘नेचर’मधला पेपर घ्यायची गरज नाही. रोजच्या व्यवहारातला एखादा दावा पुरतो. मी आज मोबाइल फोनच्या किमतीचा दावा घेतोय. आकडे सगळ्यांना कळतात, गणित आठवीतलं आहे, आणि तरीही त्यात कंपनी, बातमीदार आणि टीकाकार तिघेही चुकताना दिसतात.

दावा काय होता?

२१ जुलै २०१७ रोजी रिलायन्स इंडस्ट्रीजच्या मुंबईतल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मुकेश अंबानी यांनी जिओफोन जाहीर केला. बटणांचा, छोट्या स्क्रीनचा, पण फोरजी चालणारा फोन. त्याची ‘प्रत्यक्ष किंमत शून्य रुपये’ असं सांगितलं गेलं. फक्त गैरवापर होऊ नये म्हणून १,५०० रुपये अनामत भरायची, ती तीन वर्षांनी परत मिळणार. १५३ रुपयांच्या मासिक रिचार्जमध्ये बोलणं मोफत आणि रोज ठरावीक मर्यादेपर्यंत वेगवान डेटा.

याच्या आधी दोन-तीन आठवडे वेगळाच आकडा फिरत होता. एका वित्तसंस्थेच्या विश्लेषकाच्या टिपणाचा हवाला देऊन ‘जिओचा फोन ५०० रुपयांत’ अशा बातम्या सगळीकडे आल्या होत्या. म्हणजे लोकांच्या डोक्यात आधी ५०० बसले, मग सभेत शून्य ऐकू आलं. ‘५०० म्हणत होते, हा तर फुकटच निघाला!’ ही प्रतिक्रिया साहजिक होती. ही अफवा बाजूला ठेवा, तिच्याकडे आपण नंतर परत येणार आहोत.

२४ ऑगस्टला बुकिंग सुरू झालं. ५०० रुपये आधी आणि १,००० फोन हातात घेताना. सप्टेंबरच्या अखेरीस फोन वाटप सुरू झालं, आणि त्याच सुमारास करारातल्या अटी ठळकपणे बातम्यांत आल्या. वर्षाला किमान १,५०० रुपयांचा रिचार्ज, असं तीन वर्षं. फोन पहिल्या वर्षात परत केला तर १,५०० रुपये अधिक जीएसटी आकार, दुसऱ्या वर्षात १,०००, तिसऱ्या वर्षात ५००. आणि अनामत परत हवी असेल तर तीन वर्षांनी फोन परत द्यायचा. फोनमध्ये जिओशिवाय दुसऱ्या कंपनीचं सिम चालणार नाही.

आता दावा पुन्हा वाचा: ‘किंमत शून्य.’

पहिला प्रश्न: ज्याला किंमत म्हटलंय, ती कशाची?

विज्ञानशाखेतल्या मुलांना आकड्यामागे एकक लिहायची सवय असते. ‘पाच’ लिहिलं की सर विचारतात, पाच काय? ग्रॅम की मोल? किमतीच्या बाबतीत मात्र आपण ‘रुपये’ लिहिलं की एकक झालं असं समजतो. ते अपुरं आहे. किती रुपये, कशाबद्दल, कधी, आणि मधेच सोडलं तर किती, एवढं सगळं मिळून किमतीचं एकक पूर्ण होतं.

आमच्या निफाड तालुक्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. द्राक्षाचा व्यापारी बागेत येऊन किलोला भाव सांगतो तेव्हा शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: रोख की उधार? पेमेंट कधी? इसार किती? माल उतरल्यावर वजनात तूट किती धरणार? कारण चढ्या भावाने माल उचलून पैसे न देता गायब झालेले व्यापारी या भागाने पाहिलेत. अटींशिवायचा भाव हा नुसता आवाज असतो, हे इथे सगळ्यांना पक्कं माहीत आहे. तोच शेतकरी मोबाइलच्या दुकानात मात्र ‘शून्य’ ऐकून थांबतो. का? माझ्या मते त्याचं कारण शेतकऱ्याचं अज्ञान नाही. द्राक्षाच्या सौद्यात अटी तोंडी आणि समोरासमोर ठरतात. फोनच्या सौद्यात त्या बारीक अक्षरांत, वेगळ्या पानावर, आणि बुकिंग झाल्यानंतर कळतात.

तर जिओफोनच्या दाव्याचं एकक लावून पाहू. दोन शक्यता आहेत.

पहिली: तीन वर्षांनी फोन तुमच्याकडेच ठेवला. मग अनामत परत नाही. म्हणजे फोनची किंमत १,५०० रुपये. सरळ हिशोब.

दुसरी: तीन वर्षांनी फोन परत केला, १,५०० परत मिळाले. मग तुम्ही फोन विकत घेतलाच नाही, तीन वर्षं वापरायला घेतलात. भाडं किती? १,५०० रुपये तीन वर्षं अडकले, त्यावरचं व्याज. बँकेत ७ टक्के दराने चक्रवाढीने ठेवले असते असं धरलं तर सुमारे ३३८ रुपये.

म्हणजे ‘शून्य’ हा आकडा फक्त एकाच परिस्थितीत खरा आहे: फोन परत केला, आणि तीन वर्षं अडकलेल्या पैशाला काहीच मोल नाही असं मानलं. दावा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो एका विशिष्ट अटीखाली खरा आहे आणि ती अट वाक्यात लिहिलेली नाही. पेपर वाचतानाही अगदी हेच शोधायचं असतं.

दुसरा प्रश्न: आकडा सगळ्यांसाठी सारखाच आहे का?

वरचे ३३८ रुपये कुणासाठी? ज्याचे १,५०० रुपये नाहीतर बँकेत पडून राहिले असते त्याच्यासाठी. पण ज्याने ते उसने घेतले त्याचं काय? खाजगी उसनवारीत ‘शेकडा दोन रुपये महिना’ हा दर ऐकण्यात असतो. त्या दराने १,५०० वर महिन्याला ३० रुपये, ३६ महिन्यांचे १,०८० रुपये. फोन तोच, करार तोच, घोषणा तीच. एकासाठी शून्याचे ३३८ होतात, दुसऱ्यासाठी १,०८०. आणि दुसरा पहिल्यापेक्षा गरीब आहे.

रिचार्जच्या अटीचंही असंच. वर्षाला १,५०० म्हणजे महिन्याला १२५. जो माणूस दर महिन्याला १५३ चा रिचार्ज करणारच होता, त्याचे बारा रिचार्ज धरले तरी १,८३६ होतात. त्याला ही अट जाणवतसुद्धा नाही. मग ती कुणाला लागते? ज्याची कमाई सलग नाही त्याला. पेठ, सुरगाणा भागातून निफाड-पिंपळगावच्या बागांत छाटणीला, थिनिंगला, काढणीला येणाऱ्या मजुरांचा विचार करा. काम असतं तेव्हा हातात पैसा, नसतं तेव्हा फोन फक्त आलेला कॉल घेण्यापुरता. अशा वापरकर्त्यासाठी किमान रिचार्ज हीच खरी किंमत आहे, आणि ती तीन वर्षांची ४,५०० रुपये आहे. त्याबदल्यात सेवा मिळते हे खरं, पण ती त्याला एवढी हवी होती का, हा प्रश्न करारात कुठेच येत नाही.

इथे एक शिकण्यासारखं आहे. एखाद्या पेपरमध्ये सरासरी परिणाम दिला असेल तर लगेच विचारा, हा परिणाम कुणावर जास्त आणि कुणावर कमी? लासलगाव बाजार समितीचा कांद्याचा भाव जाहीर होतो तेव्हा किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे असतात. व्हॉट्सअॅपवर फिरतो तो फक्त कमाल, बहुधा एखाद्याच ट्रॅक्टरला मिळालेला. बाकीच्या शेतकऱ्यांना त्या आकड्याशी काही देणंघेणं नसतं. ‘शून्य’ हासुद्धा असाच, सगळ्यात अनुकूल ग्राहकाला लागू होणारा आकडा आहे.

तिसरा प्रश्न: टीकाकारांचं गणित तरी बरोबर आहे का?

आता दुसऱ्या बाजूला जाऊ. कंपनीच्या दाव्याची चिकित्सा सगळेच आनंदाने करतात. टीकेची चिकित्सा करायला मात्र कुणी तयार नसतं.

२०२१ चं उदाहरण घेऊ. २४ जून २०२१ ला जिओफोन नेक्स्ट जाहीर झाला, गुगलच्या सोबतीने तयार केलेला टचस्क्रीन स्मार्टफोन. किंमत तेव्हा सांगितली नव्हती. गणेश चतुर्थीला, म्हणजे १० सप्टेंबरला येणार होता. चिपच्या टंचाईमुळे दिवाळीपर्यंत लांबला. या मधल्या काळात अफवांना ऊत आला. ३,४९९ रुपये हा आकडा सर्वत्र फिरत होता. शेवटी ४ नोव्हेंबरला फोन बाजारात आला तो ६,४९९ रुपयांना. किंवा १,९९९ आधी भरा, ५०१ रुपये प्रक्रिया शुल्क द्या, आणि बाकीचे हप्त्याने. हप्त्यातच रिचार्जही धरलेला. सगळ्यात स्वस्त योजना १८ महिने ३५० किंवा २४ महिने ३०० रुपयांची. त्यात महिन्याला ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटं बोलणं. त्यावरची ‘लार्ज’ योजना १८ महिने ५०० किंवा २४ महिने ४५०. त्यात रोज दीड जीबी आणि अमर्याद बोलणं.

लगेच टीका सुरू झाली: ‘६,४९९ चा फोन हप्त्याने घेतला तर १३,३०० ला पडतो!’ बेरीज तपासू. १,९९९ + ५०१ = २,५००. त्यात २४ गुणिले ४५०, म्हणजे १०,८०० मिळवले की १३,३००. बेरीज अचूक आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. का? कारण १३,३०० मध्ये दोन वर्षांचा रिचार्ज आहे आणि ६,४९९ मध्ये नाही. ग्रॅमची तुलना लिटरशी केली.

मग योग्य तुलना कोणती? हप्ता घेतला नसता तर त्याच माणसाने काय केलं असतं, ही. फोन ६,४९९ रोख आणि तशीच सेवा वेगळ्या रिचार्जने. लार्ज योजनेसारखीच सेवा, म्हणजे रोज दीड जीबी आणि अमर्याद कॉल, जिओ तेव्हा १९९ रुपयांत २८ दिवसांसाठी देत होती. इथे एक बारीक खड्डा आहे: २८ दिवस म्हणजे महिना नाही. वर्षाचे ३६५ दिवस बाराने भागले की महिना सुमारे ३०.४ दिवसांचा येतो, आणि १९९ चा रिचार्ज महिन्याला सुमारे २१६ रुपये पडतो. २४ महिन्यांचे सुमारे ५,१९०. त्यात ६,४९९ मिळवले की सुमारे ११,६९०.

म्हणजे हप्त्याने घेणाऱ्याने १३,३०० विरुद्ध ११,६९०, असे सुमारे १,६१० रुपये जास्त दिले. १,६१० आणि ६,८०१ (१३,३०० वजा ६,४९९) यांत किती फरक आहे बघा. टीकाकाराने चौपटीहून जास्त फुगवलेला आकडा सांगितला.

पण थांबा, गंमत पुढेच आहे. २८ नोव्हेंबर २०२१ ला जिओने दरवाढ जाहीर केली आणि १ डिसेंबरपासून तोच १९९ चा प्लॅन २३९ चा झाला. फोन बाजारात येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. आता रोखीने घेणाऱ्याचा रिचार्ज महिन्याला सुमारे २६० रुपये. दोन वर्षांचे सुमारे ६,२३०, फोन धरून सुमारे १२,७३०. हप्त्याचा दर करारात ठरलेला, तो बदलला नाही असं धरलं, तर जादा रक्कम उरते फक्त ५७० च्या आसपास. त्यातले ५०१ तर प्रक्रिया शुल्कच. म्हणजे कर्जावरचं व्याज जवळजवळ नाहीच!

एकच करार, एकच फोन. जादा किंमत ६,८००, १,६१० की ५७०? तिन्ही बेरजा बरोबर आहेत. फरक फक्त बेसलाइनचा आहे. आणि १,६१० व ५७० यांतला निवाडा तर फोन घेण्याच्या दिवशी करताच येत नव्हता, कारण दरवाढ पुढे होती. त्या दिवशी उपलब्ध माहितीवरून निर्णय योग्य होता का, आणि नंतर तो फायद्याचा ठरला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रबंधात हे दोन प्रश्न एकत्र केले की परीक्षक नेमका तिथे बोट ठेवतात.

चौथा प्रश्न: अफवेला बेसलाइन कुणी केलं?

आता बाजूला ठेवलेली अफवा उचलू. २०१७ मध्ये अफवा ५०० ची होती, जाहीर झालं शून्य, लोक खूश. २०२१ मध्ये अफवा ३,४९९ ची होती, जाहीर झाले ६,४९९, लोक नाराज. दोन्ही वेळा लोकांनी फोन मोजला तो अफवेच्या पट्टीने. पण ३,४९९ ही किंमत कुणी देऊ केलीच नव्हती. जी वस्तू अस्तित्वातच नव्हती तिच्याशी तुलना करून ‘महाग’ म्हणणं हे मोजमाप नाही, अपेक्षाभंग आहे. अपेक्षाभंग खरा असतो, त्याचा अभ्यासही करता येतो, पण तो किमतीचा अभ्यास नव्हे.

याचं सर्वांत चांगलं जुनं उदाहरण आयफोन थ्रीजीचं. जून २००८ मध्ये ॲपलने अमेरिकेत तो १९९ डॉलरला जाहीर केला. तेव्हाच्या दराने साधारण साडेआठ हजार रुपये. भारतात तो येणार हे कळल्यावर अनेकांनी मनात हाच आकडा धरला. २२ ऑगस्ट २००८ ला एअरटेल आणि व्होडाफोनने तो आणला, ८ जीबीचा फोन ३१,००० रुपयांना आणि १६ जीबीचा ३६,१०० ला. ‘भारतीयांना लुटलं’ असा सूर लागला.

पण १९९ डॉलर ही फोनची किंमत नव्हतीच. ती एटी अँड टी कंपनीशी दोन वर्षांच्या कराराची प्रवेश फी होती. बोलण्याचा सर्वांत स्वस्त प्लॅन सुमारे ४० डॉलर आणि डेटाचे ३० डॉलर, म्हणजे महिन्याला ७०. चोवीस महिन्यांचे १,६८० डॉलर. मधेच करार मोडला तर दंड वेगळा. इतकंच काय, आधीचा आयफोन ३९९ डॉलरचा होता, नवा २०० ने स्वस्त झाला म्हणून टाळ्या पडल्या; पण डेटाचा दर महिन्याला २० वरून ३० डॉलर झाला होता. दोन वर्षांत २४० डॉलर जास्त. फोन २०० ने स्वस्त, करार ४० ने महाग.

मग भारतातल्या किमतीवर टीका करायला काहीच जागा नव्हती का? होती, पण वेगळी. भारतात ग्राहकाने पूर्ण किंमत मोजली, कंपनीने सवलत दिली नाही, तरीही फोन त्याच कंपनीच्या नेटवर्कला बांधलेला होता. अमेरिकेत बांधून घेण्याच्या बदल्यात सवलत होती. इथे बंधन होतं, मोबदला नव्हता. ही टीका टिकते. ‘१९९ चा फोन ३१,००० ला’ ही टिकत नाही. नेमकी टीका शोधायला दोन पावलं जास्त चालावं लागतं, एवढंच.

बंधन कशासाठी?

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग भारतातही अमेरिकेसारखे करार का नाहीत? आपल्याकडे बहुतांश जोडण्या प्रीपेड आहेत. महिनाअखेरीस बिल येणार, ते थकलं तर वसूल करणार, ही साखळीच इथे फारशी नाही. रिलायन्सने एकदा ती करून पाहिली होती. २००३ च्या पावसाळ्यात ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपयांत मोबाइल हातात दिला, बाकीचे पैसे पुढे बिलातून. फोन घरोघरी पोचले, पण असंख्य बिलं थकली आणि वसुली करताना कंपनीच्या नाकी नऊ आले. विशेष म्हणजे २०१८ मध्ये जिओने तेच नाव परत वापरलं: जुना फोन द्या आणि ५०१ मध्ये जिओफोन घ्या. पण या वेळी सोबत सहा महिन्यांचा ५९४ रुपयांचा रिचार्ज आधीच भरायचा होता, म्हणजे दुकानात द्यायचे १,०९५. पंधरा वर्षांत नाव तेच राहिलं, उधारीची जोखीम मात्र कंपनीकडून ग्राहकाकडे आली.

म्हणून जिओफोनची अनामत ही नुसती युक्ती नव्हती. वसुलीची खात्री नसलेल्या बाजारात कंपनीने शोधलेलं ते उत्तर होतं. चिकित्सा करताना समोरच्याची अडचण मांडलीच पाहिजे, नाहीतर ती एकतर्फी होते. आणि हेही मान्य करायला हवं की १,५०० रुपयांत फोरजी फोन ही तेव्हा खरोखर मोठी गोष्ट होती. जिओफोनचे वापरकर्ते दहा कोटींवर गेल्याचं कंपनीने २०२१ मध्ये सांगितलं. इतके लोक मूर्ख नसतात.

पण मग खटकतं काय? माझ्या मते एकच गोष्ट: बाहेर पडण्याची किंमत प्रवेशाच्या वेळी दिसत नव्हती. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आहे. ती स्पर्धा राहावी म्हणूनच आणली. पण फोनच एका कंपनीला बांधलेला असेल तर नंबर नेता येतो, फोन नेता येत नाही. पहिल्या वर्षात सोडायचं तर १,५०० वर पाणी. सोय कागदावर राहते. ग्राहकाने हे बंधन डोळे उघडे ठेवून स्वीकारलं असेल तर हरकत नाही. बुकिंग ऑगस्टमध्ये आणि अटी ठळकपणे सप्टेंबरअखेर, हा क्रम मात्र समर्थनीय नाही.

कायद्याच्या अभ्यासकांसाठी इथे एक तयार विषय आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (लागू जुलै २०२०) यात कलम २(४६) खाली ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली, आणि त्यात अवाजवी अनामत मागणं याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. निफाडच्या माणसाने १,५०० रुपयांच्या करारासाठी राज्य आयोगाची पायरी चढावी का? कायद्यात हक्क आहे आणि तो वापरण्याचा खर्च हक्काहून मोठा आहे. हीसुद्धा ‘प्रत्यक्ष किंमत’च झाली.

तुमच्यासाठी सराव

हे चार प्रश्न वहीत लिहून ठेवा, कुठल्याही विषयाला लागू पडतात.

१. आकड्याचं पूर्ण एकक काय? कशाबद्दल, किती काळासाठी, कोणत्या अटीवर?
२. आकडा कुणासाठी खरा आहे, आणि कुणासाठी नाही?
३. तुलना कशाशी केली? दोन्ही बाजूंत तेच घटक आहेत का?
४. ती बेसलाइन खरी होती, की कुणीतरी ऐकलेली?

आणि आता काम. येऊ घातलेल्या कुठल्याही एका फोनच्या किमतीची बातमी कापून ठेवा. कोण म्हणतंय आणि कोणत्या तारखेला, हे वर लिहा. फोन प्रत्यक्ष येईपर्यंत थांबा. मग जाहीर किंमत, हप्ता, प्रक्रिया शुल्क, जुन्या फोनच्या बदल्यातली सवलत, सोबतचा रिचार्ज आणि मधेच सोडल्यास होणारं नुकसान, असे सहा रकाने भरा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ लिहिलेलं असेल तर रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला मिळते का, हे आवर्जून बघा. सगळ्यात शेवटी एकच वाक्य लिहा: हा फोन कुणाला, कोणत्या अटीवर, किती रुपयांना पडतो?

वाक्य लांबलचक होईल, जाहिरातीत बसणार नाही. बसत नाही म्हणून ते कापू नका. प्रबंधाच्या पहिल्या पानावर असंच वाक्य लागतं.